एकटीनं जाताना घ्यायचं नाव

परवा माह्या घरात सात माणसं बसून एका पोरीले सल्ले देऊन राहिली होती. पोरगी माही नात. तिले गुवाहाटीले नोकरी लागली, एकटीनं जायचं आहे, आणि या सातांपैकी एकानंही गुवाहाटी पाहिलेली नाही. तरी तोंड थांबत नव्हतं कोणाचं. जावई म्हणे, गाडीत कोणाशी बोलू नको. शेजारची बाई म्हणे, आपण कुठले, कोण, ते सांगू नको. माही पोरगी, म्हणजे नातीची माय, म्हणे मान खाली घालून सरळ चालायचं, कोणी काही विचारलं तर ऐकूच आलं नाही असं दाखवायचं. मी भिंतीले टेकून ऐकत होती आणि आतल्या आत जळत होती. शेवटी हातातली कपबशी मी अशी आपटली का चहा जावयाच्या पँटीवर उडाला.

सगळे म्हातारीले काय झालं म्हणून माह्या तोंडाकडं पाहत राहिले. मले काय झालं ते सांगाले वेळ लागते, म्हणून "पोरीचं वाटोळं कराल तुम्ही" एवढंच बोलली आणि आत निघून गेली. आता लिहून काढते. मले लिहिणं-वाचणं उशिरा आलं, तिशी उलटल्यावर, त्यामुळं माह्या लिहिण्यात वळण नाही, राग आहे. राग राहू द्या. आणि यात मी कोणाचंच नाव लिहीत नाही. बाकीच्यांचं लिहायची इच्छा नाही, आणि एकाचं मी रोज तोंडानं घेते, त्याले कागद लागत नाही.

आमचं गाव तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातलं, आमगाव टेसनापासून पायी दीड तासाचं. नवरा भिलाईले गेला होता. तिथं पोलादाचा कारखाना उभा राहून राहिला होता आणि आमच्या भागातली धडधाकट पोरं एक एक करत सगळी तिकडं चालली होती. पहिली भट्टी अजून पेटायची होती. तो एका ठेकेदाराकडं खलाशी होता, म्हणजे उंचावर लोखंड चढवायचं काम. दिवाळी होऊन गेली होती, धानाची कापणी ऐन भरात होती. अशात शेजारच्या गावचा एक माणूस तिथून सुट्टीवर आला, आमच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला का तुमचा मचाणावरून पडला, डोक्याले मार आहे, दवाखान्यात ठेवलं आहे, बोलते-चालते पण कोणीतरी लवकर जा.

कोणीतरी म्हणजे कोण? सासऱ्याचे गुडघे गेलेले. भासऱ्यानं, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावानं, उभ्या धानाकडं बोट दाखवलं. आठ दिवसांनी जातो म्हणे. सख्खा भाऊ डोकं फुटून परमुलखात पडला आहे आणि याले धान दिसून राहिले होते. मी चुलीपाशी होती, तिथूनच म्हटलं का मी जाते. दोन वर्षांची पोरगी होती मले, तिले सासूच्या मांडीवर दिली. आमगावच्या बाजारापुढं तोपर्यंत मी कुठं गेली नव्हती.

मग सुरू झाले सल्ले. जो भिलाईले कधी गेला नाही तो आधी बोलला. जनाना डब्ब्यातच बस. कोणाशी बोलू नको. कोणाच्या हातचं खाऊ नको, गुंगीचं औषध घालतात. कोणी गाव विचारलं तर सांगू नको, समाज विचारला तर मुळीच सांगू नको. भिलाईचा बोर्ड दिसल्याशिवाय उतरू नको. सासऱ्यानं एका कागदावर कॉपिंग पेन्सिलीनं सगळं लिहून दिलं, नवऱ्याचं नाव, ठेकेदाराचं नाव, मजुरांच्या वस्तीचा कॅम्प. ती पेन्सिल थुंकी लावून लिहायची असते, जांभळी उमटते. कागदाची घडी सासूनं माह्या पदराले गाठ मारून बांधली आणि बजावलं का पोहोचेपर्यंत ही गाठ सोडायची नाही, कोणाले दाखवायची नाही.

आणि शेवटी दाराशी येऊन, माह्या कानाजवळ तोंड आणून तिनं खरा सल्ला दिला. नवऱ्याचं नाव तोंडातून काढू नको. इथं काढत नाहीस तशी तिथं तर मुळीच नको. तो दवाखान्यात आहे, जीव टांगणीले आहे, आणि बायकोनं नाव घेतलं का नवऱ्याचं आयुष्य घटते.

आता हे ध्यानात घ्या. आमच्या घरानं दोन वर्षं आधी नागपूरले जाऊन दीक्षा घेतली होती. देव्हाऱ्यातले देव सासऱ्यानं स्वतः टोपल्यात भरून तळ्यात सोडले. उपास गेले, नवस गेले, अंगात येणारी चुलत सासू एका दिवसात बरी झाली. सासरा चावडीपुढं उभा राहून सांगे का आता डोक्यानं चालायचं. सगळं त्या टोपल्यात भरलं, पण नवऱ्याच्या नावाची ही गोष्ट भरायची राहिली. कोणाले सुचलंच नाही. सासऱ्यानं सासूचा तो सल्ला ऐकला, मान वळवली आणि चूप बसला. मले त्याच्या गुडघ्यांचा राग नाही, या चूप बसण्याचा आहे.

पहाटेच्या पॅसेंजरमधे चढली. जनाना डब्ब्यात डोंगरगडले एक बाई चढली, पोरं-बोचकी घेऊन. मले जागा केली, आपली अर्धी पोळी पुढं केली, कुठं चालली म्हणून विचारलं. मी तोंड खिडकीकडं केलं. तिनं आणखी एकदा विचारलं, मी मान हलवली नाही. मग ती दुसरीले म्हणाली, गूंगी है बेचारी, म्हणजे मुकी आहे. पुढं दोन तास ती तिच्या भावाबद्दल बोलत होती. भाऊ भिलाईलेच कामाले होता, त्याचा हात चिरडला होता, त्याच दवाखान्यात दोन महिने होता. ती माह्या मांडीले मांडी लावून बसली होती. एक प्रश्न विचारला असता तर दवाखाना कोणत्या बाजूले, कोणत्या दारानं जायचं, सगळं मले गाडीतच कळलं असतं. पण मी शहाणी, सल्ले पाळत होती.

बोर्ड दिसला, उतरली. आता ज्याले भिलाई-तीन म्हणतात ते टेसन. तिथं एक नळ होता. रात्रभर झोप नव्हती, तोंडावर इंजिनाची काजळी बसली होती, म्हणून पदर नळाखाली धरला आणि तोंड खसाखसा पुसलं. गाठीसकट भिजवला. गाठ सोडायची नाही ना. मग उतरलेल्या माणसांची मोठी रांग एका बाजूले चालली होती, तिच्या मागं चालू लागली. विचारायचं नाही म्हटल्यावर दुसरं काय करणार? ती माणसं कामावर चालली होती. तासभर चालून मी कुठं पोहोचली तर एका फाटकापाशी, पुढं नुसते खड्डे, क्रेन, लोखंडाचे सांगाडे आणि लाल धूळ. पहारेकऱ्यानं हाकललं तेव्हा तोंडातून पहिला शब्द निघाला, दवाखाना. त्यानं उलट्या दिशेकडं हात केला.

दवाखाना म्हणजे तेव्हा लांबच लांब बराकी. दाराशी खिडकी, खिडकीत कारकून, समोर रांग. रांगेत लागली. कारकून वाईट माणूस नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते, कारण राग कोणावर काढायचा ते मले नीट माहीत आहे. त्यानं सरळ विचारलं, मरीजचं नाव काय. मी म्हटलं, आमच्या घरचे. तो म्हणे ठीक आहे, घरवाल्याचं नाव काय. मी पदराची गाठ सोडली. आत जांभळा लगदा होता. बोटं जांभळी झाली, खिडकीची फळी जांभळी झाली, अक्षर एक राहिलं नव्हतं.

त्यानं ठेकेदार विचारला, ते कागदावर होतं. कॅम्प विचारला, तोही कागदावर. मी भंडारा म्हटलं, पोरीचा बाप म्हटलं, मचाणावरून पडला म्हटलं, डोक्याले पट्टी असेल म्हटलं. तो कपाळाले हात लावून म्हणे का इथं अर्धे लोक मचाणावरूनच पडले आहेत, बहन, नाव सांग. जीभ टाळूले चिकटली ती निघेना. खोटं सांगत नाही, मी प्रयत्न केला. तोंड उघडलं आणि सासूचं तोंड दिसलं, आणि त्याची मान लुळी पडल्यासारखं दिसलं, आणि तोंड मिटलं. रांगेत माह्या मागं आपल्याच भागातला एक माणूस होता, तो मराठीत म्हणे, अवं बाई, लग्नात घेतलं असशील तसं घे ना, आम्हीही ऐकतो. रांग हसली. मी मेल्याहून मेल्यासारखी झाली आणि बाजूले सरकली. कारकून म्हणे, चार वाजता भेटायची वेळ आहे, तोपर्यंत नाव माहीत असलेलं कोणी घेऊन ये.

खिडकीच्या वर घड्याळ होतं. मले तेव्हा घड्याळ वाचता येत नव्हतं, पण काटे कसे होते ते डोळ्यात राहून गेलं. पुढं शिकली तेव्हा कळलं का पावणेबारा वाजले होते. ते पावणेबारा मी अजून विसरली नाही.

नाव माहीत असलेलं कोणी आणायले मी निघाली. कुठं? कॅम्पाचं नाव तर त्या लगद्यात गेलेलं. त्याच खड्ड्यांकडं परत चालत गेली, आपल्या भागातला एखादा चेहरा दिसतो का पाहत. रस्त्याच्या कडेले छत्तीसगढी रेजा, म्हणजे माती-वाळू वाहणाऱ्या मजूर बाया, जेवाले बसल्या होत्या, घमेली पालथी घालून त्यावर. मी त्यांच्यापासून दहा हातावर बसली आणि रडू लागली. एक प्रौढ बाई उठून आली, काही न विचारता माह्यापुढं बासीचं भांडं ठेवलं, पाण्यातला शिळा भात, कांदा, मीठ. दोन घास गेले तेव्हा लक्षात आलं का कालपासून पोटात काही नाही. सगळा भात मी खाल्ला. गुंगीबिंगी काही आली नाही, उलट डोकं जागेवर आलं.

मग तिनं विचारलं आणि मी सांगितलं. थोडी हिंदी, थोडं आमचं, थोडे हात. तिले नवल वाटलं नाही, कारण त्यांच्यातही बाया नाव घेत नाहीत. सगळ्या रेजा गोळा झाल्या आणि कोडं सोडवतात तशा मागं लागल्या. झाडाच्या नावावर आहे का? नाही. वाराच्या? नाही. देवाच्या? मी मान हलवली, हो. झालं, बायांनी देव मोजायले सुरुवात केली. आमच्या घरानं तळ्यात सोडलेले सगळे देव त्या उन्हात एक एक करून माह्यापुढं उभे राहिले, आणि मी नाही, नाही, नाही करत गेली. शेवटी एकीनं बरोबर नाव घेतलं. मी हो म्हटलं आणि सगळ्या अशा खूश झाल्या का जणू तो सापडलाच.

पण नाव त्यांच्या तोंडात होतं, खिडकीपाशी नव्हतं. मी त्या प्रौढ बाईचा हात धरला, चल म्हटलं, तू सांग त्याले. तेवढ्यात भोंगा झाला. काम सोडून ती येऊ शकत नव्हती, हजेरी गेली असती. घमेलं उचलून डोक्यावर ठेवता ठेवता ती थांबली. म्हणे का मीही घेत नव्हती, पण इथं हजेरीवाला बाईले नवऱ्याचं नाव विचारून मांडते, न सांगितलं तर कामावर घेत नाही. मग तिनं समोर वाळूच्या ढिगाकडं बोट केलं. तिथं एक काळासावळा माणूस फावड्यानं वाळू ओढत होता.

"रोज लेथंव ओकर नांव," ती म्हणाली. "देख, जियत हे."

मी त्या माणसाकडं पाहतच राहिली. त्यानं घाम पुसला, चिलीम काढली, कोणाले तरी हाक मारून हसला. त्याच्या बायकोनं रोज सकाळी त्याचं नाव घेतलं होतं आणि तो असा ठणठणीत. मी धावत निघाली. खरंच धावली, चप्पल एक तिथंच राहिली.

खिडकी बंद होती. जेवणाची सुट्टी. मी खिडकीच्या फळीले हात लावून उभी राहिली, कोणाले पुढं येऊ दिलं नाही. उघडली तेव्हा कारकून मले ओळखून म्हणे, लाई किसी को? मी म्हटलं, मीच सांगते. आणि तोंड उघडलं तर नुसतं नाव येईना. नाव माह्या तोंडून आयुष्यात एकदाच निघालं होतं, लग्नाच्या दिवशी, मामीनं पाठ करून घेतलेल्या उखाण्यात. माह्या जिभेले तेवढीच एक वाट माहीत होती. म्हणून मी तो उखाणाच घेतला. दवाखान्याच्या खिडकीपुढं, एका पायात चप्पल, हात जांभळे, आणि मी मांडवात उभी राहिल्यासारखी अख्खा उखाणा म्हणून राहिली. तुळस आली, चांदीचं ताट आलं, सासऱ्याचा वाडा नव्हता तो वाडाही आला, आणि मधे कुठंतरी त्याचं नाव आलं.

कारकून लेखणी धरून ऐकत होता. संपल्यावर म्हणे, "इसमें नाम कौन सा है?"

कोणी हसलं नाही या वेळी. मले मात्र अशी तिडीक गेली डोक्यात, त्याच्यावर नाही, त्या तुळशीवर, त्या ताटावर, मामीवर, सगळ्या मांडवावर. मी नुसतं नाव घेतलं. मग बापाच्या नावासकट घेतलं. मोठ्यानं.

त्याले वही उघडावी लागली नाही. समोर भिंतीवर एक कागद डकवलेला होता, त्याकडं त्यानं पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. फार गंभीर असलेल्यांची ती यादी. त्यांच्या घरचं कोणी आलं तर वेळ न पाहता आत सोडायचं. पहिलंच नाव त्याचं होतं. "सुबह से यहीं लिखा है, बहन," असं म्हणून तो उठला, खिडकी तशीच टाकली आणि स्वतः मले आत घेऊन गेला.

खाटेवर तो होता. डोक्याले पट्टी, डोळे मिटलेले, श्वास चालू. मी पायाशी उभी राहिली. बाजूच्या खाटेवर पाय प्लास्टरात टांगलेला एक माणूस होता, बालाघाटकडचा, आपल्यासारखं बोलणारा. त्यानं माह्याकडं पाहिलं आणि माहं नाव घेऊन विचारलं, तुम्हीच काय? मी त्याले जन्मात पाहिलं नव्हतं.

"सकाळपासून याच नावानं हाका मारून राहिला होता," तो म्हणाला. "एक वाजेपर्यंत. मग चूप झाला."

त्याले वाटलं होतं का बहिणीचं नाव असेल, नाहीतर पोरीचं. बायकोले कोण चारचौघांत नावानं हाक मारते? आमच्या घरात त्यानं मले चार वर्षांत कधी नावानं बोलावलं नाही. अवं, ऐकलं काय, एवढंच. माहं नाव त्याले पाठ तरी आहे का असं मले कधी कधी वाटे. आणि त्या माणसांनी भरलेल्या बराकीत, डॉक्टर, कंपाउंडर, वीस अनोळखी गडी यांच्यादेखत, तो सकाळभर माहं नाव घेत होता. नर्सनं विचारलं काय पाहिजे, तर म्हणे तिले सांगायचं आहे काहीतरी, तिलेच सांगतो. काय सांगायचं होतं ते कोणाले माहीत नाही. आजपर्यंत माहीत नाही.

मी बाहेरच होती. पावणेबाराले, शंभर पावलांवर, तोंड मिटून.

दोन दिवस तो तसाच होता. नर्स म्हणे, बोलत रहा, कधी कधी ऐकू जाते. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि नाव घेत राहिली. चार वर्षांत जेवढं घ्यायचं राहिलं होतं तेवढं घेतलं, सकाळी घेतलं, दुपारी घेतलं, घसा बसला तरी घेतलं. बाजूचा माणूस तोंड फिरवून पडून राहायचा. त्यानं ओ दिली नाही. तिसऱ्या दिवशी श्वास थांबला.

पुढं मी भिलाई सोडली नाही. पोरीले घेऊन आली, त्याच दवाखान्यात आया म्हणून लागली, आणि नोकरी संपेपर्यंत तिथंच होती. दाराशी पदर तोंडात धरून उभी असलेली बाई दिसली का मले लांबून ओळखू येई. मी तिच्याजवळ जाई आणि आधी पाणी देई, मग चांगली खडसावी. किती जणींनी मले शिव्या दिल्या असतील. नाव मात्र काढून घेतल्याशिवाय एकीलेही सोडली नाही. लिहिणं-वाचणंही तिथल्याच एका सिस्टरकडून शिकली, आणि पाटीवर आपलं नाव सोडून आधी त्याचं लिहिलं.

तर त्या दिवशी कपबशी आपटून आत गेली ती अशी. थोड्या वेळानं नात मागून आली, पायाशी बसली. तिले मी सांगितलं का बाई, त्यांचं काही ऐकू नको. गाडीत बाजूच्या बाईशी बोल, तिचा कोणीतरी त्या गावात असतेच. भूक लागली आणि कोणी दिलं तर खाय, माणूस पाहून खाय, पण खाय. कुठं जायचं ते कागदावर लिहून ठेव, एका कागदावर नाही, दोन, आणि डोक्यातही ठेव, कागद भिजते. रस्ता चुकलीस तर गर्दीमागं जाऊ नको, गर्दीले तुह्या घरी जायचं नसते. कामावरच्या बायकांले विचार, बाजारात बसलेल्या, झाडू मारणाऱ्या, त्यांले सगळं माहीत असते. आणि पहिल्या खिडकीवर, पहिल्या झटक्यात, तू कोण आणि तुले कोण पाहिजे ते मोठ्यानं सांग. लाज वाटली तर वाटू दे, लाजेनं आजपर्यंत कोणी मेलं नाही. चूप राहून काय होते ते मले विचार.

नात म्हणे, आजी, इतक्या वर्षांनी तुले एवढा राग कावून येते? आता तर सगळे गेले. सासू गेली, सासरा गेला.

तेव्हा तिले मी ते सांगितलं जे तिच्या मायलेही सांगितलं नव्हतं. त्याले माती देऊन मी गावाले परतली तेव्हा ओसरीवर सगळे बसले होते. सासरा, भासरा, शेजारपाजार, माही पोरगी सासूच्या मांडीवर. मले कोणी पाणी विचारलं नाही. त्यानं काय खाल्लं, काय बोलला, दुखत होतं काय, हेही कोणी विचारलं नाही. सासूनं डोळे पुसले, माह्याकडं पाहिलं आणि सगळ्यांच्या पुढं एकच विचारलं.

"तू तिथं त्याचं नाव घेतलंस काय?"

सगळे माह्या तोंडाकडं पाहत होते. सासरासुद्धा. त्यांनी ठरवूनच टाकलं होतं का ही नाव घेऊन आली आणि तो गेला. मी पोरीले तिच्या मांडीवरून उचललं, कडेवर घेतलं. त्या घरात पहिल्यांदा मान वर करून मी त्याचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, चावडीपर्यंत जाईल अशा आवाजात. मग सासूले म्हटलं,

"घेतलं. पण उशिरा घेतलं."